सहा एप्रिलचं पाणी

पुणे, १४ ऑक्टोबर १९३५

ती. सौ. द्वारकाताईस,
धाकटा भाऊ हरेश्वर याचा कृ. शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र आणि सुक्या बोंबलांचा डबा, दोन्ही सुखरूप पोचले. डबा उघडल्यापासून खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी दोनदा वर येऊन काही कुजले आहे का, अशी चौकशी केली. मी प्रयोगशाळेतले औषध आहे म्हणून सांगितले. रोज दोन वेळा घेतो आहे.

आता कामाचे. कॉलेजात मी अजून डेमॉन्स्ट्रेटरच आहे, म्हणजे मुलांना नळ्या धुऊन देणारा मास्तर. लेक्चरर व्हायचे तर स्वतःचे संशोधन दाखवावे लागते. प्रोफेसर हळब्यांनी परवा माझे गाव विचारले. भाईंदरजवळचे म्हणताच ते म्हणाले, की तुमच्या दारात मीठ पिकते आणि तुम्ही विषय कुठे शोधता. मला एकदम तुझ्या सासऱ्यांचे मिठागर आठवले. शेजारच्यांचे मीठ कडवट निघते, पावसाळ्यात पाझरते. मामंजींचे तसे होत नाही. वाफ्यातले पाणी नेमके केव्हा सोडून द्यायचे हे त्यांना कळते, एवढेच सगळे सांगतात. ते केव्हा, हे मला आकड्यांत हवे आहे.

सोबत लाकडी पेटीत काचेची एक नळी पाठवली आहे. पाण्यात सोडली की ती उभी तरंगते. पाणी जितके खारट तितकी ती वर येते. पाण्याच्या रेषेशी जो आकडा दिसेल तो लिहायचा. रोज दुपारी तीन वाजता तारीख, अंश, वारा आणि आभाळ, एवढेच. असे तीन हंगाम. घोडबंदरच्या शाळेत बाबांच्या हाताखाली तू सहावी झालीस, तुझे अक्षर माझ्याहून चांगले आहे. एक मात्र ध्यानात ठेव. एखादा दिवस चुकला तर ती जागा कोरी सोड, मनाने भरू नकोस.

भावजींना व मामंजींना नमस्कार. भाऊबिजेला येतोच. तुझी माया आहे तशी राहू दे, हे मागणे.
तुझा,
हरेश्वर


गोडदेव, ९ फेब्रुवारी १९३६

चि. हरेश्वर यास,
द्वारकाताईचे अ. उ. आ. वि. वि.

तुझी नळी अजून फुटली नाही, हे आधी लिहिते, कारण तू तेच आधी शोधशील. घरात तिचे लाड माझ्यापेक्षा जास्त होतात. धर्मा, आमचा मुकादम, तिला काचेचा बोंबील म्हणतो. दुपारी तीन वाजले की पेटी डोक्यावर घेऊन बांधावरून पुढे चालतो, मागून मी वही घेऊन. गोडदेवच्या बायका म्हणतात, द्वारकाबाईंची वरात निघाली.

मामंजी पहिले चार दिवस नुसते हसले. मग एके दिवशी त्यांनी वाफ्यात हात घातला, अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं आणि म्हणाले, की पानी तेलकट झाला, आता सोडा. मी मागे राहून गुपचूप नळी टाकली. एकोणतीस अंश. पुढच्या वाफ्याला तीस. असं बारा वेळा पाहिलं, अकरा वेळा एकोणतीस-तीसच्या मध्येच. बाराव्या वेळी नळी वेगळं बोलली, तर मामंजी म्हणाले नळीला सर्दी झालीय. बघितलं तर खरंच तिला खाली मिठाचा थर चिकटलेला होता. पुसल्यावर तीस.

रात्री जेवताना त्यांनी अगदी सहज विचारलं, की हरेशच्या बुकात माझं बोट येईल काय. मी म्हटलं, तो लिहिल्याशिवाय राहायचा नाही. खूश झाले, एक भाकरी जास्त खाल्ली.

२२ जानेवारीला मला ताप होता, ती जागा कोरी आहे. तू सांगितल्याप्रमाणे.

तब्येत जप. आमची आठवण ठेव, म्हणजे झालं.
तुझी,
ताई


गोडदेव, २० एप्रिल १९३७

चि. हरेश्वर यास,
ताईचे अ. आ.

तुझं सांत्वनाचं पत्र पोचलं. परीक्षांमुळे तुला तेराव्याला येता आलं नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस. तारेत काय मावणार, म्हणून सगळं नीट लिहिते.

होळीच्या उधाणाला दर वर्षी बांधाला माती चढवतो, तशी यंदाही चढवली होती. तरी २८ मार्चला दुपारच्या भरतीला खाडीच्या अंगाने खांड पडली. आधी दोन हात रुंद, बघता बघता दहा हात. तयार मीठ, तापलेलं पाणी, सगळं एका भरतीत गेलं. तुझे भावजी आणि गडी चिखलाच्या पाट्या टाकत होते, पण खालची जमीन कुठे घट्ट आहे ते फक्त मामंजींच्या पायाला कळायचं. ते छातीभर पाण्यात उभे राहिले. धर्मा त्यांना कमरेला धरून होता. अंधार पडेपर्यंत तसेच, आणि पुढे चार दिवस रोज भरतीला तसेच. अडुसष्ट वर्षांचा माणूस. पाचव्या दिवशी छातीत कफ धरला, तो सुटलाच नाही.

६ एप्रिलला दुपारी ते गेले. घड्याळात बरोबर तीन झाले होते. मला एकदम नळीची आठवण झाली, आणि त्या आठवणीची फार लाज वाटली.

२८ मार्च ते १३ एप्रिल, सतरा दिवस वही कोरी आहे. पहिल्या रकान्यात फक्त बांध फुटला एवढं लिहिलंय. १४ पासून पुन्हा जाते. धर्मा पेटी घेऊन पुढे चालतो, पण कुणी वरात म्हणत नाही. काल पाच अंश होतं. ते मिठाचं पाणी नव्हेच, नुसती खाडी. पूर्वपदावर यायला मे उजाडेल.

तुझ्या कामाचा खोळंबा झाला याचं वाईट वाटतं. पण जे आहे ते असं आहे.

सांभाळून राहा.
ताई


पुणे, २ डिसेंबर १९३८

ती. सौ. ताईस,
हरेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी! आपला निबंध इंदूरच्या परिषदेने स्वीकारला. नाताळच्या सुटीत तिथे देशभरचे रसायनवाले जमणार आहेत आणि त्यांच्यासमोर तुझा भाऊ उभा राहून पंधरा मिनिटे इंग्रजीत बोलणार आहे. गोडदेवच्या मिठाबद्दल! नंतर सगळे निबंध पुस्तकरूपाने छापतात. तुला प्रत पाठवीनच.

निबंधावर प्रोफेसर हळब्यांचे व माझे नाव आहे. तुझे आणि मामंजींचे नाव आभारांत घालावे असे फार मनात होते. पण घरच्या माणसांचे आभार मानणे परिषदेत हास्यास्पद दिसते, असे प्रोफेसर म्हणाले. म्हणून स्थानिक निरीक्षकाच्या साहाय्याने, असे तीन शब्द घातले आहेत. ती स्थानिक निरीक्षक म्हणजे तू. मामंजींची बोटाची गोष्टही अशीच गाळावी लागली. बोट हे काही उपकरण नव्हे, असे त्यांचे म्हणणे.

हळब्यांनी उन्हाळ्यातच परिषदेला जो सारांश पाठवला, त्यात सलग तीन हंगामांच्या दैनिक नोंदी असे लिहिले होते. त्यामुळे दुसऱ्या हंगामाचा मधला भाग जरा अडचणीचा झाला. पण तो मी व्यवस्थित बसवून घेतला आहे, तू काळजी करू नकोस.

यातून पक्की जागा मिळाली तर पहिले लुगडे तुला. आशीर्वाद असावा, तोच उपयोगी पडतो.
तुझा,
हरेश्वर


गोडदेव, २० सप्टेंबर १९३९

चि. हरेश्वर यास,
द्वारकाताईचे अनेकोत्तम आशीर्वाद.

पुस्तक आलं! देवापुढे ठेवलं, कुंकू लावलं, ते पुठ्ठ्यावरून आता निघत नाही. भावजींनी ते स्टेशनमास्तरांना दाखवलं, पोस्टमास्तरांना दाखवलं, आणि काशीमिऱ्याला लग्नाला गेले तिथेही काखेत घेऊन गेले. लढाई सुरू झाल्याच्या बातम्या सगळे वाचतात, आमच्या घरी तुझंच पुस्तक वाचतात. वाचता कुणालाच येत नाही, ती गोष्ट निराळी.

मला इंग्रजी येत नाही, पण नळीवरचे आकडे वाचून वाचून इंग्रजी आकडे पाठ झालेत, आणि महिन्यांची नावं कॅलेंडरावरून लावली. काल दुपारी माझी वही मांडीवर घेऊन बसले, म्हटलं आपलं काम छापलेलं कसं दिसतं ते तरी बघू. पहिलं वर्ष बिनचूक. अगदी माझ्या तापाचा दिवसही कोरा ठेवलाय. मला कौतुक वाटलं.

दुसऱ्या वर्षात मात्र छापखान्याने फार मोठी चूक केली आहे. २८ मार्च ते ३० एप्रिल, चौतीस दिवस सगळे भरलेले आहेत. तेवीस, चोवीस, साडेचोवीस. बांध फुटल्याचे सतरा दिवस कोरे हवेत, आणि पुढच्या सतरा दिवसांत माझ्या वहीत पाच, सहा, नऊ असं चढत गेलंय. मी म्हटलं, जुळवणाऱ्याने पहिल्या वर्षाचं पान चुकून इथे लावलं असेल. ताडून पाहिलं, तर तेही जुळत नाही. कुठून आणले आकडे कुणास ठाऊक.

तू लगेच त्यांना लिही. पुरावा हवा असेल तर माझी वही रजिस्टरने पाठवते. तुझ्या नावावर चुकीचं छापलेलं राहायला नको, एवढी मेहनत केलीस.

तुझी,
ताई


पुणे, ११ ऑक्टोबर १९३९

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. छापखान्याला लिहू नये. चूक त्यांची नाही.

तुला समजेल असे सांगतो. मोठ्या तक्त्यात मधेच खंड पडला तर मागचे पुढचे आकडे पाहून तो भरून काढण्याची रीत असते. आपल्या निष्कर्षाला त्याने काडीचा धक्का लागत नाही. एकोणतीस ते तीस अंशांना पाणी सोडावे हे खरेच आहे. बांध फुटला म्हणून पाण्याचा गुणधर्म बदलत नाही. भरलेल्या जागांवर तशी खूण करायला हवी होती, हे मान्य आहे. पण सारांशात सलग हा शब्द आधीच गेला होता, आणि हळबे म्हणाले, की आता शब्द बदलण्यापेक्षा तक्ता नीट करणे सोपे.

नोव्हेंबरात माझी लेक्चररच्या जागेवर नेमणूक होते आहे. ती या निबंधावरच आहे. तेव्हा वही घरातच ठेव आणि या गोष्टीची चर्चा नको. भाऊबिजेला येतो, तेव्हा समक्ष बोलू.

लोभ कमी होऊ नये.
हरेश्वर


गोडदेव, १७ नोव्हेंबर १९३९

चि. हरेश्वर यास,

भाऊबिजेला पाट मांडून संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मग चंद्राला ओवाळलं.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. रीत मला समजत नाही, पण हजेरी समजते. तू लहान होतास, तुला आठवत नसेल. इन्स्पेक्टर यायच्या दिवशी इतर मास्तर गैरहजर मुलांची हजेरी लावून टाकत. बाबांनी नाही लावली. पेरणीचे दिवस होते, वर्गात नऊ पोरं होती, त्यांनी नऊच लिहिली. त्यांची बढती तीन वर्षं अडली. आई चिडली, तर बाबा म्हणाले, जो आला नाही त्याला मी आला म्हटलं, तर उद्या तो आल्यावर काय म्हणू?

इंग्रजी शब्द पोस्टमास्तरांकडून वाचून घेतले. सहा एप्रिलला तुझ्या पुस्तकात आभाळ निरभ्र आहे, वारा पश्चिमेचा आहे आणि पाणी साडेचोवीस अंश आहे. आभाळ निरभ्र होतं हे खरं. वारा कसा होता ते मला आठवत नाही. पाणी नव्हतं, हरेश. वाफाच नव्हता. मामंजी शेवटचा श्वास घेत होते आणि मी त्यांच्या पायाशी होते. तू त्या दुपारी तीन वाजता मला मिठागरावर उभी केलीस.

माझं नाव पुस्तकात नाही याचं आधी थोडं वाईट वाटलं होतं. आता नाही तेच बरं वाटतं.

कोरी सोड, मनाने भरू नकोस, असं तूच मला लिहिलं होतंस. ते पत्र मी जपून ठेवलंय. नळी स्टेशनवरून पार्सलने पाठवली आहे. फुटू नये म्हणून भाताच्या तुसात घातली आहे.

ताई


गोडदेव, २५ मार्च १९४३

चि. हरेश्वर यास आशीर्वाद.

साडेतीन वर्षांत तुला पत्र लिहिलं नाही. तुझी दोन आली, लग्नाची पत्रिका आली, मुलीच्या बारशाचं बोलावणं आलं. मी आले नाही. आज लिहिते ते माझ्यासाठी नाही.

मागच्या महिन्यात ठाण्याकडून एक तरुण गृहस्थ आले होते. मिठागरवाल्यांना नवी माहिती देत गावोगाव फिरतात. हातात मराठी पत्रक. त्यात लिहिलेलं, की सलग तीन हंगामांच्या शास्त्रीय नोंदींत होळीच्या उधाणाचा वाफ्यातल्या पाण्यावर काही परिणाम आढळला नाही, सबब बांधाला जादा माती चढवण्याची जुनी चाल म्हणजे मजुरीचा अपव्यय. खाली तुझं आणि तुझ्या प्रोफेसरांचं नाव. आमच्याच आगराची गोष्ट आम्हांला शिकवायला आले होते ते.

धर्मा ऐकत उभा होता. त्याने पत्रक हातात घेतलं, उलटं धरलं, आणि विचारलं, की त्या सालाला बांध फुटला व्हता, तो बुकान हाय का न्हाय. ते गृहस्थ म्हणाले, नाही, नोंदीत तसं काही नाही. धर्मा हसला. मग म्हणाला, की बांध फुटला न्हाय त मंग म्हातारा कशान मेला, ता बी बुकालाच इचारा. आणि पाटी उचलून गेला.

आम्ही यंदाही माती चढवली. घोडबंदरच्या नाथा पाटलाने नाही चढवली. परवाच्या उधाणाला त्याचा बांध गेला, हंगाम गेला. माणूस गेला नाही, एवढं देवाने केलं. मी भेटायला गेले होते. तो म्हणाला, की पत्रकावर भरवसा नव्हता ठेवला बाई, पण खाली नाव वाचलं. आपल्या मास्तरांच्या पोराने लिहिलंय, म्हटलं ते खोटं कसं असेल.

मी नाथाच्या घरचा चहा प्याले आणि घरी आले. त्याची टोचणी मलाही आहे. चार वर्षं वही माझ्या ट्रंकेत आहे.

ताई


पुणे, ६ एप्रिल १९४३

ती. सौ. ताईस,
साष्टांग नमस्कार.

आज मुद्दाम याच तारखेला लिहितो आहे.

जे केले ते सरळ सांगतो. तुझ्या वहीची नक्कल माझ्या टेबलावर डाव्या हाताला होती. आधी मी फक्त कोऱ्या जागा पेन्सिलीने भरल्या. मग पुढचे पाच आणि सहा मधेच खड्ड्यासारखे दिसू लागले, कुणीही विचारले असते. तेव्हा तेही रबराने खोडले. तुझ्या अक्षरातला पाच समोर असताना मी साडेचोवीस लिहिले. वारा आणि आभाळसुद्धा लिहिले, कारण रकाना रिकामा वाईट दिसत होता. ताई, सहा एप्रिल लिहिताना ती कुठली तारीख आहे हे मला आठवले नाही. या सगळ्यात मला स्वतःची सर्वांत जास्त किळस त्यामुळे येते.

त्या वर्षीच्या भाऊबिजेला मी बोरीबंदरपर्यंत आलो होतो. तिकीट काढले आणि परत फिरलो. तुझ्यासमोर पाटावर बसून ओवाळून घ्यायचे धैर्य झाले नाही. पुढे एकदा हळब्यांकडे दुरुस्तीचा विषय काढला. ते म्हणाले, मी निवृत्त होईपर्यंत थांबा. मी थांबलो. त्यांच्यासाठी थांबलो असे मी स्वतःला सांगत असे, पण त्यात माझीच सोय होती. हळबे दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, आणि मी तरीही थांबलोच.

नाथा पाटलांना कालच पत्र टाकले आहे, त्यात काहीही लपवलेले नाही. ठाण्याच्या त्या गृहस्थांनाही पत्रक थांबवण्याबद्दल लिहिले. परिषदेला दुरुस्ती छापायची विनंती केली आहे. लढाईमुळे अधिवेशन नाही, कागद नाही, असे उत्तर येईल हे दिसतेच आहे. ते उत्तर आले तरी या खेपेस मी त्याच्या आड बसणार नाही.

तुझी वही मला पाठवशील का? नक्कल मी खाडाखोड करून बिघडवली आहे.

क्षमा मागण्याचा हक्क नाही, तरी मागतो.
हरेश्वर


पुणे, १२ फेब्रुवारी १९४६

ती. सौ. ताईस,
हरेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

वही रजिस्टरने परत पाठवली आहे, सोबत परिषदेचे नवे पुस्तक आहे. पान एकशे बारा पाहा. दुरुस्ती गेल्या वर्षी जानेवारीत परिषदेत वाचली, छापायला कागदापायी वर्ष गेले.

आठ मिनिटे मिळाली होती, मला पाचच लागली. आधीच्या निबंधातले चौतीस आकडे मी बनवलेले होते, आणि उधाणाबद्दलचे विधान त्यावरच उभे होते म्हणून तेही मागे घेतो, असे सांगितले. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी शिव्याही दिल्या नाहीत. एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, की मग उरलेल्या आकड्यांवर आम्ही का विश्वास ठेवावा. मी म्हणालो, ते द्वारकाबाई भोईर यांचे आहेत, माझे नाहीत. त्यांनी ते नाव लिहून घेतले.

या वेळी मी दुसऱ्या हंगामाचा तक्ता तुझ्या वहीप्रमाणे छापवून घेतला. सतरा चौकटी कोऱ्या. खाली बांध फुटल्याची टीप, आणि पाणी सोडण्याची वेळ कै. भिवा भोईर बोटांनी ओळखत, नळीने फक्त त्यांना दुजोरा दिला, असे वाक्य. मामंजींना त्याचा आता काय उपयोग, हे मला कळते. हळब्यांनी माझ्याशी संबंध तोडला. कॉलेजने लेक्चररची जागा काढून घेतली, डेमॉन्स्ट्रेटर म्हणून ठेवले आहे. पुन्हा नळ्या धुतो. सौ. सुनंदाने एका शब्दाने दोष दिला नाही, याचेच जास्त ओझे वाटते.

धर्माला ते पान नक्की दाखव. त्याला सांग, बांध फुटला होता हे आता बुकात आहे.

तुझ्या मनात जेवढी माया उरली असेल तेवढी पुरे.
हरेश्वर


गोडदेव, २० मार्च १९४६

चि. हरेश्वर यास,
द्वारकाताईचे अनेक आशीर्वाद. सौ. सुनंदा व चि. छबी यांसही.

पुस्तक आणि वही पोचली. पान एकशे बारा मी वहीशी ताडून पाहिलं, एकेक दिवस. बरोबर आहे. भावजींनी मामंजींचं वाक्य पोस्टमास्तरांकडून तीनदा वाचून घेतलं आणि त्याचं मराठी करून मागितलं. या पुस्तकाला कुंकू लावलं नाही, आधीचं अजून निघत नाही म्हणून.

तुझी जागा गेली याचं मला वाईट वाटतं, आणि मी तशी कडक वागले याचंही वाटतं. नळी परत पाठवायला नको होती. माझा भाऊ खोटं लिहितो एवढंच मी पाहिलं. तो बोरीबंदरला तिकीट हातात धरून उभा होता ते मला दिसलं नाही. छबीचं बारसं गेलं. सात भाऊबिजा गेल्या, कारण तुझं ते पत्र आल्यावरही मी चंद्रालाच ओवाळत राहिले, आणि तू बोलावल्यावाचून आला नाहीस. ते दिवस कोरेच राहतील, आता कुणी भरू शकत नाही.

एक बातमी तुला कळवायची राहिली होती. धर्मा गेल्या श्रावणात गेला. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी संपलं. मामंजींनंतर पाणी त्याच्याच बोटाला कळायचं. यंदा कधी सोडायचं ते कुणालाच नेमकं समजलं नाही, मीठ कडवट निघालं. तेव्हा येशील तर नळी घेऊन ये. भाऊबीज कार्तिकात आहे, तोवर थांबू नकोस.

घर तुझं आहे, वाट माहीत आहे.
तुझी,
ताई

ता. क. पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. धर्माला दाखवायला सांगितलंस ते पान मी त्याच्या बायकोला, शांतीला दाखवलं. तिला अक्षर येत नाही. मी वाचून सांगितलं, की हे माझं नाव, हे मामंजींचं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की आमच्या घोवाचा नाव खय हाय. तुलाही सुचलं नाही, हरेश, आणि मलाही नाही. पाच दिवस मामंजींना कमरेला धरून तोच उभा होता, आणि रोज पेटी डोक्यावर घेऊन तोच चालायचा. मी तिचं बोट धरलं आणि त्या सतरा कोऱ्या चौकटींवरून फिरवलं. म्हटलं, हे सगळे दिवस त्याचे. तिने ते पान मागितलं. मी पुस्तकातून फाडून तिला दिलं.